नातीसाठी शेपटीवाली वाक्ये

प्रिय खडूबहाद्दर,

करकर, करकर... आठवतो का तुला हा आवाज? आपल्या इंग्रजीच्या मास्तरांचा उजवा बूट! आपण बाकावर ताल धरून कविता म्हणत असायचो आणि व्हरांड्यातून ती करकर आली की छप्पन मुलांचा गळा एकदम बसायचा. (तू तेव्हाही पुढच्या बाकावर. मी खिडकीशी, तिथून ढग चांगले दिसत.) त्या ढगांपायी माझे इंग्रजी कच्चे राहिले, आणि तू त्याच विषयाचा मास्तर होऊन निवृत्तही झालास. असो. नमस्कार घे. गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला गेला का? माझे विचारशील तर दात सोडून सगळे जागच्या जागी आहे.

तर झाले असे. दूरदेशी वाढलेली माझी नात नऊ वर्षांची झाली. तिला मराठी येत नाही असे तिचा बाप सांगतो आणि मला इंग्रजी येत नाही हे सगळे जग सांगते. दर रविवारी फोनवर मी 'हॅलो' म्हणतो, ती 'हॅलो' म्हणते, मग आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. मी ठरवले, असे मरायचे नाही. तिला इंग्रजीत पत्र लिहायचे, आणि तेही तुकड्या-तुकड्यांचे नाही. 'मी आजोबा आहे. माझे दुकान होते.' हे काय पत्र झाले? ही तर तार झाली! जे दुकान, ज्याच्या काचेतून, ज्या गल्लीत... वाक्याला अशा शेपट्या जोडता आल्या पाहिजेत.

म्हणून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची शिकवणी आमच्या घरीच लावली. त्यांचा नियम सोपा: माणसाला 'हू', वस्तूला 'विच', आणि शेपटी ज्याची त्यालाच चिकटवायची. पहिल्याच गृहपाठात मी गिऱ्हाइकाला एक घड्याळ दिले, ज्याला टक्कल होते. (टक्कल गिऱ्हाइकाचे, शेपटी चुकून घड्याळाला.) त्यापुढचे भांडण मोठे. चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केलेला माणूस मी. प्रत्येक घड्याळाला 'हू' लावले. बाईंनी लाल रेघांनी वही रंगवली.

"आजोबा, घड्याळ वस्तू आहे हो!"

"बाई, जे रुसते, मागे पडते आणि चापट मारल्यावर चालू लागते, त्याला वस्तू कसे म्हणू?"

"त्याला नवरा म्हणतात," आमची ही आतून म्हणाली.

मग सरावासाठी मी जिन्याखालच्या पत्रपेट्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्या. 'जो दंतवैद्य दात काढताना गातो.' 'ज्या शिंप्याच्या विजारी आखूड होतात.' म्हटले, इंग्रजी वाचतो कोण! सगळ्यांनी वाचले. शिंप्याने बोलणे टाकले. दंतवैद्य मात्र जिन्यात थांबवून हळूच विचारतो, "सूर कसा वाटतो?" ही म्हणाली, आता पुरे, शेजार राहू द्या. पण मी हटलो नाही. सात आठवडे लागले, अठरा खर्डे फाडले आणि काल सव्वा पानाचे पत्र पुरे झाले. एकही वाक्य बिनशेपटीचे नाही.

तुझा जुना,
घड्याळवाला

ता. क. मुद्द्याचे राहिलेच. सोबतचे इंग्रजी पत्र तपासून लगेच परत पाठव. लाल शाई नको, पेन्सिल घे. घड्याळांच्या 'हू'ला हात लावलास तर आपली मैत्री संपली.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात बेल वाजली. शिंपी भांडायला आला असणार म्हणून तयारीनेच दार उघडले. पाहतो तो दारात माझा मुलगा, न कळवता आलेला, हातात दोन बॅगा. आणि त्याच्या पुढे ती! (आत दूध पिते आहे, तेवढ्यात हे खरडतो.) माझे हू, विच सगळे कुठल्या कुठे पळाले. तिने मुठीतला कागद उघडून एकदा पाहिला आणि एकेक शब्द जपून टाकत मराठीत विचारले, "जे आजोबा फोनवर गप्प बसतात, ते तुम्हीच का?"

माझ्या तोंडून निघाला एकच शब्द, तोही इंग्रजी.

"यस."