डाव्या हाताचा चाकू

३ ऑगस्ट

रेणुकाने आज चाकू मागितला.

शिमग्यानंतर अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली वस्तू. जेवायला काय करू? "काहीही चालेल." पंखा लावू? "चालेल." मिठाच्या चिमटीवरून माझ्याशी वाद घालणारी बाई! आता मी केलेलं मुकाट जेवते. चवच गेली असावी, असं मी धरून चाललो होतो.

आज खिडकीतून मागच्या रोपांकडे बघत म्हणाली, "आंब्याची कलमं बांधायची राहिली. चाकू आणा. एका हाताने उघडणारा. डाव्या."

तिचा जुना कलमाचा चाकू उत्तम आहे, पण पातं नखाने ओढून काढावं लागतं, म्हणजे दोन हात आले. उजवा आता काही दाबून धरण्यापुरता.

बजेट तिनेच सांगितलं. आठ हजार, कलमांच्या विक्रीतले. "वर तुमचा एक रुपया घालायचा नाही." आवाज जरा जुन्यासारखा लागला.

४ ऑगस्ट

ईशाचा पुण्याहून फोन. "बाबा, आईला चाकू? लागलं-बिगलं म्हणजे? प्लास्टिकची सुरी द्या ना." मग म्हणाली, "पण आई किती शांत झालीय हल्ली, नाही?"

हो म्हणालो. ते शांत होणंच मला सोसत नाही, हे लेकीला कसं सांगणार.

५ ऑगस्ट

दिवसभर मोबाइलवर चाकू. एक परदेशी कलमाचा चाकू मनात भरला. अक्रोडाची मूठ, पितळी रिबिटं, किंमत बजेटला टेकलेली. मागवणारच होतो. सवयीने माहिती पुन्हा वाचली. पात्याला धार एकाच बाजूने, उजव्या हातासाठी. डाव्या हाताचा निराळा मिळतो, तो बजेटबाहेर. आणि दोन्ही उघडायचे नखानेच.

माझ्या डोळ्यांना काय आवडलं ते मी बघत होतो. वापरणार ती.

चाळीस वर्षं वर्तमानपत्राचं पान संध्याकाळी सातच्या ठोक्याला छपाईला सोडलं. मुदत नसली की मला निर्णय जमत नाही. सोमवार ही मुदत.

७ ऑगस्ट

रत्नागिरीला जाऊन आलो. मिरकरवाड्यात हर्षदचं होड्यांच्या सामानाचं दुकान आहे, खलाशांसाठी तो चांगले घडीचे चाकू ठेवतो.

"काका, एवढा भारी कुणासाठी?"

"तुझ्या काकीसाठी."

"काकींना धारदार वस्तू घेऊन देताय? धाडस आहे तुमचं."

एक चाकू अंगठ्याच्या एका ढकलीत उघडला. मिटायलाही सोपा. नाही पटला तर बदलून देईन म्हणाला, घेऊन निघालो. पालीच्या अलीकडे एसटीतच पिशवीत हात घालून डाव्याने मिटून पाहिला. लॉकची पट्टी उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेली. डाव्याने दाबायला गेलो तर बोटं पात्याच्या वाटेत येत होती.

दुकानात सगळे चाकू मी उजव्या हाताने पाहिले होते! तिने एकच गोष्ट सांगितली होती. डाव्या.

८ ऑगस्ट

हे डाव्या हाताने लिहितोय. एवढंच जमलं.

१० ऑगस्ट

पुन्हा हर्षदकडे. या वेळी उजवा हात पँटच्या खिशात घालूनच दुकानात शिरलो.

"काका, हात काढा बाहेर, इथे पाकीट कोण मारत नाय."

कारण सांगितलं. मग थट्टा थांबवून त्याने आतले दोन खोके आणले.

ठरला. याचं लॉक म्हणजे मुठीतून आरपार गेलेली छोटी दांडी. दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते, त्यामुळे हात कुठलाही चालतो. पातं अंगठ्याने ढकलायची खुंटीही दोन्हीकडे. याहून कडक पोलादाचा एक होता, धार जास्त टिकली असती. पण आपल्याकडे खारी हवा, त्यात आंब्याचा चीक. गंज धरणारा काय कामाचा? धार घरच्या दगडावर लावू. मूठ काळी, खरखरीत, दिसायला साधी. बजेटमध्ये बसला, उरलेले तिचे तिला.

११ ऑगस्ट

आमच्याकडे विळी-कोयती कुणाच्या हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. नाहीतर दोघांत भांडण होतं म्हणतात. रेणुका हे फार कडक पाळते. मी चाकू तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिने उचलला नाही.

"हातात द्या."

"अगं, भांडण होईल."

"होऊ दे."

दिला. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा अर्धा उघडला. मी पुढे झालो तसं तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मागे सरलो. मग 'टक्' झालं. मिटला, पुन्हा उघडला. चहा निवला तरी तेच चाललं होतं.

१३ ऑगस्ट

आज भांडलो. मागच्या अंगणात, शेजारी ऐकत असताना. रोप तिने उजव्या तळव्याखाली दाबलं होतं आणि डाव्याने काप घेत होती. मी धरायला गेलो.

"हात काढा! तुम्हीच बांधणार होतात तर चाकू कशाला आणलात?"

मीही आवाज चढवला. तिने दुप्पट चढवला. काप तिरका गेला तो माझ्यामुळे, रोप वाया गेलं तेही माझ्यामुळे.

"आणि कालच्या आमटीत मीठ नव्हतं," ती म्हणाली. "परवाच्याही."

मग चैत्रापासूनची एकेक आमटी काढली. सगळ्या तिला आठवतात.