पहिल्या बोलीचे ब्याऐंशी

कळमनुरी, जून १९३९

राजमान्य राजेश्री दाजी व्यंकटराव यांच्या सेवेशी,

धाकटा मेव्हणा तातेराव याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एक हात टाक धरण्यात गुंतला आहे, तो मनातल्या मनात जोडला). इकडं सगळे खुशाल. हैदराबादेत तुमची आणि नर्मदाअक्काची तब्येत कशी आहे? तुमची दाढ अजून ठणकते का? आई लवंगेचं तेल पाठवणार होती, पण बाटली रेल्वेत सांडेल म्हणून नुसती आठवण पाठवते आहे. तीच दाढेला लावावी.

तर दाजी, डॉक्टरीच्या कॉलेजात दाखल होण्याच्या परीक्षेचा निकाल लागला आणि मला शंभरात ब्याऐंशी मार्क मिळाले. एवढे मिळाल्यावर माणसानं गप गाडीत बसून हैदराबाद गाठायचं असतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आईनं देवापुढं साखर ठेवली, बाबांनी पागोटं झटकून डोक्यावर ठेवलं, आणि तेवढ्यात बाजारातून उकंडकाका आले. काका बैलांचे दलाल, हे तुम्ही जाणताच (लग्नात बोहल्यावर त्यांनी तुमचे दात पाहिले होते, ते प्रेमानं). त्यांनी ब्याऐंशीचा आकडा ऐकला, साखर तोंडात टाकली आणि विचारलं, "अन् बाकीचे अठरा?"

मी म्हणालो, ते कुणालाच मिळाले नाहीत.

"म्हंजे त्यांच्यापाशीच शिल्लक हायेत! पोरा, ही पहिली बोली झाली. पहिल्याच बोलीला व्हय म्हणून राहिला काहून? त्यांना वाटंल, पोरगं अडलेलं हाये. परत बस परीक्षेला."

बाबा काकांपुढं बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. वाद निघाला की ते उठून बैलांना वैरण टाकायला जातात. त्या आठवड्यात आमचे बैल इतके सुटले की जू बसेना. आई तेवढी माझ्या बाजूनं होती, पण चार दिवस अठरा-अठरा ऐकून तीही एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अठरा म्हंजे लई झाले की रे." काकांचे बाजारातले जोडीदार तांड्यावरचे गुलाबसिंग. त्यांनी बिचाऱ्यांनी समजावून पाहिलं. म्हणाले, "उकंडराव, मास्तर काय बैल इकून राहिला का?" त्यावर काका म्हणाले, मग त्यानं लाथाळ बैलाच्या शेपटीला हात लावल्यासारखे एवढे जपून मार्क का दिले? यावर गुलाबसिंग उठून बाबांबरोबर वैरण टाकायला गेले. 

दाजी, माझी पंचाईत वेगळीच होती. त्या परीक्षेत मला जे येत होतं तेवढंच विचारलं होतं. बेडकाच्या हृदयाची आकृती मला झोपेतही काढता येते. पण हृदय सोडून त्या प्राण्याचा दुसरा कुठलाच अवयव माझ्या ओळखीचा नाही. पुन्हा बसलो आणि पोट विचारलं, तर मी पोटाच्या जागीही हृदयच काढणार. तरी काकांचं बोलणं इतकं पक्कं, की मलाही वाटू लागलं, न जाणो, अठरा कुठंतरी खरंच ठेवलेले असतील.

शेवटी काकांनी गाडी जुंपली (जू कसंबसं बसवलं) आणि मला घेऊन हिंगोलीला, जिथं परीक्षा झाली त्या शाळेच्या हेडमास्तरसाहेबांच्या घरी गेले. साहेब शेरवानी घालून चहा पीत होते. त्यांनी सबुरीनं सगळं ऐकलं आणि सांगितलं की पुढच्या महिन्यात पुन्हा बसता येतं; पण नाव घातलं की आधीचे मार्क रद्द, आणि कॉलेजातली जागाही गेली. मी उठून चपला शोधू लागलो. काका मात्र खुलले. माल दाखवून आत ओढून घेणारा माणूस त्यांना फार आवडतो. ते पुढं सरकले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि साहेबांच्या हातावर टाकून खाली त्यांची बोटं धरली.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात, हे साहेबांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि साहेबांना तळहातावर गुदगुल्या होतात, हे काकांना. काकांनी पाचही बोटं दाबली, म्हणजे पाच मार्क मागितले. साहेब "या अल्ला" म्हणून खुर्चीतल्या खुर्चीत वळवळले. काकांनी पुन्हा दाबली. साहेब हसू लागले, डोळ्यांतून पाणी, चहा शेरवानीवर, आणि सुटका करून घ्यायला त्यांनी काकांचं एक बोट गच्च धरलं.

"एकच?" काका कळवळून म्हणाले.

"बस, बस! छोडिये!" साहेब ओरडले आणि बोट आणखी आवळलं.

काकांनी उपरणं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "मंजूर."

साहेबांनी मला दारापर्यंत आणून हळूच सांगितलं, "बेटा, हैदराबादला जा. जल्दी जा. आणि चाचांना इकडं आणू नको."

परतीच्या वाटेवर काकांनी आधी बैलांना पाणी दाखवलं. मग कासरा सैल सोडून म्हणाले, "पक्का माणूस हाये. एकाच्या वर सरकला न्हाई. पण तातेराव, आता कोणी म्हणणार न्हाई का उकंडरावानं घरचं पोरगं पहिल्या बोलीत देऊन टाकलं." दाजी, मला हसू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. मी त्यांच्या हातातला कासरा घेतला आणि गाडी घरापर्यंत मीच हाकली.

तेव्हा परीक्षेचं मिटलं. गावात माझे त्र्याऐंशी मार्क झाले आहेत. कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगावं. अक्काला माझा नमस्कार, तुमच्या दाढेला आराम.

तुमचा,
तातेराव

ता. क. एक बारीकसं राहिलं. कॉलेज पाच वर्षांचं आहे. तिथल्या वसतिगृहात दोन्ही वेळा भात असतो म्हणतात, आणि मला ज्वारीची भाकर लागते. तेव्हा पाच वर्षं तुमच्याकडंच राहावं म्हणतो.

आणखी ता. क. काकांनी वरचा ता. क. तेवढा माझ्याकडून वाचून घेतला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "पाच काहून लिहिलं? दहा लिही. दाजी आपसूक पाचावर येतील." तरी दहा वर्षं धरावीत. तुम्ही मात्र पहिल्याच पत्रात हो म्हणू नका, नाहीतर काका मला दुसरं घर पाहायला लावतील. एकदा साफ नाही म्हणावं. पण मी शुक्रवारच्या गाडीनं निघतो आहे, तेव्हा तुमचं 'नाही' जरा लवकर कळवा.