साडेसहाशे माणसांची पाइपलाइन

१० एप्रिल २०२३
तळ्याकाठच्या वस्तीला नळाचं पाणी द्यायचा प्रोजेक्ट मिळाला. अजून विहिरींवर भागवतात. जपान म्हणे! घरं ४१, माणसं ९६. पुढे पाणी किती लागेल, तो हिशोब माझ्या सॉफ्टवेअरचा. काम दाखवलं की पर्मनंट. मग बायको सिंधू आणि लेक चैत्रालीला टोकियोतल्या निशी-कसाईहून इथे त्सुकुबाला, माझ्याकडे आणायचं. सिंधूला फोनवर शब्द दिला. ती म्हणाली, बघू. खूश वाटली.

२ जून
आकडा काढला. वीस वर्षांत ६५० माणसं. आमचे साहेब नेमोतो-सान दातांतून श्वास आत ओढत बसले. थक्क झाले बहुतेक. म्हणाले, विजयकुमार-सान, तिथे तरुण माणूस उरलेला नाही. मी सांगितलं, आमच्या पुण्याच्या वाकडला उसाची शेतं होती, आज जाऊन बघा. टाउन ऑफिसला आकडा फार आवडला. वाढतं गाव कुणाला नको? जाड पाइप पास.

१९ नोव्हेंबर
खोदकाम सुरू. घरं ३६. पाच आज्या वृद्धाश्रमात गेल्या. तात्पुरतं आहे.
चैत्रालीचा वाढदिवस होता, जमलं नाही. फोनवर जपानीत म्हणाली, दाइजोबु, चालेल. सहा वर्षांची पोर, किती समजूतदार! माझ्यावर गेलीय.

१ एप्रिल २०२५
पाणी सुरू. रिबन, फोटो, भाषणं. माझं नावसुद्धा नाही. कृतघ्न लेकाचे. घरं २२.

२० मे
भानगड. वापरायला माणसं नाहीत, म्हणून जाड पाइपात पाणी पडून राहतं आणि त्यातलं क्लोरीन उडून जातं. उपाय : रोज सकाळी शेवटच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी गटारात सोडायचं. ड्यूटी माझी. नेमोतो-सान म्हणाले, ही लाइन तुमच्याइतकी कोण ओळखतं? मानच म्हणायचा. पर्मनंटचं विचारलं. म्हणाले, आज फार उकडतंय.

८ सप्टेंबर
जबरदस्त आयडिया. वस्तीतलंच रिकामं घर भाड्यानं घेतलं. व्हॉल्व्ह जवळ, शिवाय लोकसंख्येत वाढ. कुणीतरी सुरुवात करायला हवीच ना! सिंधूला म्हटलं, तळ्याकाठी बंगला. तिनं विचारलं, शाळा? वस्तीतली बंद पडलीय. मी म्हटलं, आपण गेलो की उघडतील. तिनं फोन ठेवला. रेंज नसेल.

१४ डिसेंबर
दोघी काल पुण्याला गेल्या. कायमच्या, असं सिंधू म्हणाली. रागात माणूस काहीही बोलतो. चैत्रालीचं नाव तिकडच्या शाळेत आधीच घातलंय म्हणे. मला न विचारता! इथे मी मरमर मरतोय ते कुणासाठी?
टाउन ऑफिसचा फॉर्म आला. घरात माणसं किती? तीन लिहिलं.

९ जानेवारी २०२६
टाउन ऑफिसातून फोन. बाई फार अदबीनं बोलत होत्या. फॉर्मवर तीन माणसं आहेत, पण मीटरवर वापर एकाच माणसाचा दिसतोय, कुठे बिघाड आहे का, माणूस पाठवू का?
मी म्हटलं, नको. मीटर बरोबर आहे.