अण्णांचं पदक
१६ सप्टेंबर, पाटोदा

मी गेलो तेव्हा गावचे पुढारी अण्णा टूथपेस्ट लावून आजोबांचं पदक घासतच होते. मी जुनी लष्करी पदकं जमवतो, म्हणून मला कौतुकाला बोलावलेलं. उद्या मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला ते छातीवर लावायचं आणि निजामाशी लढलेल्या आजोबांवर भाषण ठोकायचं.

"बघा सर, लई चमकायलंय!"

पुढे निजामाची मोहोर, मागे उर्दू अक्षरं. सांगावं की नको? सांगितलं.

"अण्णा, हे निजामाच्याच फौजेचं आहे. तुमचे आजोबा त्याच्या बाजूने लढले."

"कोण म्हणतंय?"

"पदकच म्हणतंय. हे बघा त्यांचं नाव. विठोबा, शिपाई."

अण्णा अक्षरांकडे बघत राहिले. क्षणभर वाटलं, माणूस विरघळला.

"मग सोनाराकडून ही उर्दू काढून टाकू की."

"नावही जाईल."

"जाऊ द्या हो. नाव तर मला पाठ हाय."

पाठ! घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यात. म्हातारा पोटासाठी फौजेत गेला असेल, त्यात लाजण्यासारखं काय? जुन्या पदकावरचा मळसुद्धा आम्ही पुसत नाही. हा तर आजोबांनाच पुसायला निघाला. आणि असल्यांना आपण पुढारी म्हणतो. नाव पाठ हाय म्हणे.

१७, सकाळ. पदक अण्णांच्या छातीवर वाऱ्याने उलटसुलट होत होतं, दोन्ही बाजूंनी कोरं. भाषण संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.