नरकात कुणाला घालू?

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
मार्च २००३

प्रिय शांतवन,

तुझी दोन पत्रं आली, प्रेसवाल्याचा फोन तर रोज येतो, आणि मी मात्र गप्प. तिकडं कोडोलीत तू म्हणत असशील, ह्या प्रभुलिंग पेंटरला मस्ती आली. मस्ती कसली लेका, फ्लेक्स आल्यापासून दुकानात माशा मारतोय. बोर्ड कुणी रंगवून घेत नाही. तुझ्या चर्चची चित्रांची पुस्तकं आहेत म्हणून माझ्या ब्रशाला रंग लागतो. नव्या पुस्तकाची सगळी पानं तयार आहेत, फक्त शेवटचं कोरं आहे. ती नरकाची चौकट काही माझ्या हातून उतरेना. का उतरेना ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हा कागद.

ह्या कामासाठी पहिल्यांदा तू दुकानात आलास तेव्हा तुझ्या पिशवीत परदेशातून आलेली तळहाताएवढी पुस्तकं होती. पानावर एक चित्र, खाली चार ओळी मराठी. त्यातला पापी माणूस सूट-टाय घालून मोटारीतून फिरायचा, चिरूट ओढायचा आणि शेवटी धाडकन आगीत पडायचा. तू ती आठवडी बाजारात वाटलीस. लोकांनी मन लावून बघितली आणि म्हणाले, सायबलोकांचं अवघड हाय बघा. टाय कुणाच्याच गळ्यात नव्हता, त्यामुळं अख्खी पंचक्रोशी त्या नरकातून आपोआप सुटली. मग तू मला म्हणालास, प्रभ्या, पापी आपल्याकडचा काढ.

काढला की. मनातून चेहरा काढणं मला जमत नाही, समोर माणूस लागतो. समोर चहाच्या गाड्यावर बाळासो होता, त्यालाच गुत्त्यात बसवला आणि मग दिला नरकात ढकलून. वाटलं, आता हा मला किटलीनं हाणतोय. पण ह्या पठ्ठ्यानं पुस्तकांची गड्डीच उचलून नेली आणि चहाबरोबर गिऱ्हाइकांना दाखवायला लागला, पावणं, बघा, ह्यो मी. त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं, ते जळतं पान चुलीच्या वर भिंतीला डकवलं. तो पिऊन आला की त्याला धरून त्या पानापुढं उभा करायची. दारू सुटली त्याची, खरंच सुटली. चर्चला मात्र एकदाही आला नाही. किती माणसं वळली त्या चर्चच्या अहवालात तू त्याला अर्धा धरलास की पाव, ते मला अजून कळलेलं नाही.

सैतानाची तर वेगळीच तऱ्हा झाली. त्याला शिंगं दाखवली तर माणसांना बेंदराचे शिंगं रंगवलेले बैल आठवायला लागले. म्हणून शिंगं पुसली आणि त्याऐवजी रुंद खांदे दिले, झुपकेदार मिशा दिल्या. झालं! एसटी स्टँडवर पोरं तुला गराडा घालून विचारायला लागली, ह्यो कुठल्या तालमीचा? येशूला मी आपला आदरानं पाठमोरा दाखवायचो, त्यामुळं पोरांची सगळी माया सैतानावर बसली. पुढच्या पुस्तकात तरी तो जिंकतोय का, म्हणून ती तुझ्या मागं लागायची. आणि नरक म्हणून मी मामाच्या गुऱ्हाळातली रस आटवायची काहील रंगवली, खालच्या जाळासकट. दुसऱ्याच आठवड्यात तू घाबराघुबरा होऊन आलास, म्हणालास, लोक नरक बघून काकवीची आठवण काढताहेत. त्या दिवशी मी हसून हसून स्टुलावरून खाली पडलो होतो.

तरीपण चित्राची सर कशाला नाही, हे मला मान्य आहे. नुसत्या मजकुराचं पत्रक माणूस घडी करून खिशात घालतो आणि धुण्याबरोबर धुऊन टाकतो. चित्र टाकायला हात धजत नाही. हुपरीच्या एका चांदीवाल्यानं पैंजणं गुंडाळायला तुझी पुस्तकं नेली, तर बायका पैंजण बाजूला ठेवून आधी कागद बघत बसायच्या. आणि आमची अव्वा तर तुला ठाऊकच आहे. कॉलेजची दोन वर्षं माझ्या ह्या आईनं तुला आपल्या हातानं जेवू घातलं, कोडोलीच्या मटण खाणाऱ्या गड्याला शेंगदाण्याच्या चटणीवर ठेवलं. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण तुझी सगळी पुस्तकं तिनं बघून पाठ केलीत. गोष्टी मात्र तिच्या स्वतःच्या. तिच्या गोष्टीत बाळासो जळत नाही, थंडीचा शेकत बसलाय. मठात येणाऱ्या बायकांनाही ती तसंच सांगते.

तिचा माझ्यावर राग एवढाच, की सगळी गल्ली पुस्तकात घातलीस आणि आईला तेवढी वगळलीस. म्हणून यंदा तुझा मजकूर आला, एक म्हातारी जन्मभर भुकेल्यांना वाढत राहते, तो अर्धाच वाचून मी तिला हाक मारली. इरकल नेसून, गळ्यातलं इष्टलिंग सारखं करून ती परातीपुढं बसली. भाकरी थापताना काढली, वाढताना काढली, पदरानं घाम पुसताना काढली. शांत्या, जन्मात माझ्या हातून अशी चित्रं उतरली नव्हती. मग मी शेवटचं पान वाचलं. एवढं करूनही तिनं प्रभूला स्वीकारलं नाही, म्हणून ती आगीत.

तुझ्या शास्त्रात मी हात घालत नाही. माणूस करणीनं तरतो की विश्वासानं, ते तुझं तू बघ. माझी अडचण पेंटरची आहे. मजकुरात 'एक म्हातारी' असं लिहून मोकळं होता येतं. चित्रात नुसती एक म्हातारी काढताच येत नाही, ती कुणाची तरी आई होते. बाळासो स्वतःला आगीत बघून हसला, कारण आपलं काय चुकतंय ते त्यालाही माहीत होतं. हिला मी काय सांगू? रोज सकाळी चहा देताना विचारते, "शेवटाला मला कुठं बसिवलास रं?" आणि मी ब्रश धुवायला उठतो.

आधी वाटलं, मजकूर तुमच्या चर्चच्या कमिटीचा असणार. पण त्यात एक वाक्य आहे, पोराला मागायची लाज वाटू नये म्हणून ती न विचारताच दुसरी भाकरी ताटात टाकायची. हे कमिटीला सुचत नाही. लिहिताना तुझ्यापुढं तीच होती. खरं सांगतो, डोकं फिरलं, दोन दिवस तुला मनसोक्त शिव्या घातल्या. मग ध्यानात आलं, तू तिच्यासाठी घाबरलायस. तुला तिची काळजी लागून राहिलीय, तोंडावर बोलायची छाती होत नाही, म्हणून ते माझ्या ब्रशाकडून वदवून घेतोयस. ते मी करणार नाही. स्टँडवर अनोळखी माणसाच्या हातात पुस्तक ठेवून पुढं जाता येतं, अव्वाच्या हातात ठेवून कुठं जाशील? रविवारी उपासना आटोपली की ये. जेवायला बस आणि तुला काय वाटतं ते तूच तिला सांग. ती रागावणार नाही, पुरतं ऐकून घेईल. सांगून झाल्यावरही ते पान तुला हवं असलं, तर तुमच्या दोघांसमोर बसून मी आग रंगवतो. आणि तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तर त्या कोऱ्या चौकटीत मी तिच्यापुढं ताटावर बसलेला तुला काढणार, घासानं गाल फुगलेला, आणि तसाच प्रेसला पाठवून देणार. कमिटीला काय सांगायचं ते तू बघ.

तुझाच,
प्रभुलिंग