फळ्यावरचा अनुभव

शनिवार, १३ डिसेंबर, सायंकाळी ६.४०. पालमच्या बसस्थानकावर परभणीच्या गाडीची वाट पाहत लिहितोय.

कदम सरांनी असं करायला नको होतं. दुसरं कोणी असतं तर मनावर घेतलं नसतं. पण बारावी नापास झाल्यावर पोरांना शेतीकाम शिकवायच्या शाळेतल्या उपक्रमात मला त्यांनीच आणलं. म्हणाले होते, "पोरांना हातानं करू दे, चुकू दे." म्हणून नववीच्या पोरांकडून शाळेमागे भाजीचे वाफे करून घेतले.

आज उपक्रम बघायला पाहुणे यायच्या आधी वर्गात गेलो. फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात 'माझा अनुभव'. साऱ्या वर्गाला एकच अनुभव! पोरं मोठ्यानं पाठ करत होती.

पाहुण्यांसमोर सारिका उठली. फळ्यावरचं सोडून स्वतःचं बोलायला लागली. "आमची मेथी पहिल्यांदा जळाली. आमी शेणखत कच्चंच टाकलं. मग आमी..."

"बस खाली," सर हसत म्हणाले. मग माझ्याकडं बोट. "हा पोरगा नवा हाय. लेकरांना भलतंच शिकवायलाय."

पाहुणेही हसले. माझे कान तापले.

नंतर व्हरांड्यात गाठलं. "सर, चुकू दे असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"अरे बाबा, चुकू दे म्हणलो. पाहुण्यांपुढं सांगू दे म्हणलो का?"

पाठीवर थाप मारून गेलेसुद्धा. ती थाप अजून जात नाही.

फाटकाशी सारिका थांबली होती. "दादा, सोमवारी वाफ्यावर यायचं, का फळ्यावरचं पाठ करायचं?"

"सरांना विचार," म्हणालो, आणि तिच्याकडं न बघता निघालो.