आखाडातला आठवडा

धारूर, १२ मे २०२५

सौ. वच्छलाताईंस,
सत्यशीलाचा स. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. फोनवर हे बोलायला माझा आवाज निघत नाही, म्हणून पत्र. तुमचे दादा जाऊन सहा महिने झाले नाहीत तोवर मी त्यांची एक वस्तू विकली. डोंगरावरच्या हॉटेलातला आपला वर्षाकाठचा आठवडा, तो टाइमशेअर.

वापरा नाहीतर नका वापरू, देखभालीचं बिल दरवर्षी येतंच. आमचं स्वतःचं जाणं कधी झालं नाही. भावकीत लग्न निघालं की हे तो आठवडा आहेरात देऊन मोकळे. यंदाचा त्यांनी तुमच्या संस्कृतीला कबूल केला होता. तिचं लग्न तोंडावर आलं आणि मामाचा शब्द मामीनं मोडला. तुम्ही रागावलात तर मी चूक म्हणणार नाही.

घेतला आपल्या विहिरीची मोटार दुरुस्त करणाऱ्या तौसीफनं. त्याचा नुकताच निकाह झालाय. करार मी बोट ठेवून दोनदा वाचला आणि बिलाचं त्याला आधीच सांगितलं. तो कचरत होता. मग मी जाऊन आलेल्यांचे फोटो दाखवले. मीच म्हणाले, बाबा, आमची पाच जोडपी जाऊन आली, एकानंही नाव ठेवलं नाही. पुतण्या बजरंगची बायको तर येऊन म्हणाली होती, काका, स्वर्ग हाय. तेवढ्यावर त्यानं पैसे दिले.

संस्कृतीला तुम्हीच सांगा. राग ओसरला की दोन ओळी लिहा, वाट बघते.

तुमची वहिनी,
सत्यशीला

अंबाजोगाई, १८ मे २०२५

ती. वहिनींस,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी इतकी हसले की संस्कृती आतून पळत आली. तिला सांगितलं तर तिनं देवापुढं साखर ठेवली. वहिनी, त्या पोरीला जायचंच नव्हतं. कोणालाच नसायचं!

स्वस्तात पडतो म्हणून दादानं नेमका आखाडातला आठवडा घेतलेला. धुकं असं की समोरचं माणूस दिसत न्हाई. गाद्या ओल्या, वरण गोड, भाकरीचं नाव नाही. जोडपी पहिल्या दोन दिवसांत फोटो काढायची आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. उरलेला आठवडा माझ्याकडं लपून. मी त्यांना आखाड तळून घालायची. एकदा तर दादाच न कळवता आला. त्याचा चहा होईस्तोवर बजरंग न्हाणीत आणि त्याची बायको ज्वारीच्या कणगीमागं. स्वर्ग हाय, हे बोलणं मीच तिला शिकवून धाडलं होतं.

फोटो बघून दादा असा फुलायचा, त्याला कोण सांगणार? तुम्ही आता जिवाला लावून घेऊ नका. ब्याद गेली. तौसीफचं तौसीफ बघेल, सौद्यात एवढं चालायचंच. लग्नाला आठ दिवस आधी या, नाहीतर मी भांडायला येईन.

आहे ती माया राहू द्या.

तुमची,
वच्छला

धारूर, २६ मे २०२५

सौ. वच्छलाताईंस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला हसू आलं नाही. तौसीफनं वस्तू घेतली ती माझ्या शब्दावर, आणि शब्द खोटा निघाला. मला तरी कुठं माहीत होतं, असं मी मनाला दोन दिवस समजावलं. तेवढ्यात बाजारात त्याची बायको उज्मा भेटली. काकू, तिथं थंडी लई असती का, स्वेटर घेऊ का, म्हणून विचारत होती. मी घे म्हणाले. सगळं कळलेलं असून घे म्हणाले, ताई.

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन तौसीफच्या दुकानात गेले. धुकं, गाद्या, वरण, सगळं सांगितलं. तो म्हणाला, काकू, इकलेल्या मालाला नावं ठेवायला आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. खरं लिहिते, राहू द्या काकू, असं तो म्हणेल अशी मला आतून आशा होती. तो म्हणाला नाही. पैसे खिशात घातले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो चहा पिताना मला माझीच लाज वाटली.

आठवडा पुन्हा माझ्या गळ्यात आहे. विचारायला येईल त्याला आधी धुकं सांगणार, तेव्हा तो आता विकला जात नाही. फुकट परत घ्या म्हणून कंपनीला लिहिलंय. बघू.

पण मला टोचतंय ते निराळंच. आपण दादांचं मन राखलं असं तुम्हाला वाटतं. ताई, बजरंग न्हाणीत लपला होता हे त्यांना कळतं तर ते रागावले नसते. मांडीवर थाप मारत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले असते. गल्लीभर सांगत सुटले असते. शेवटच्या आजारपणात त्यांना एकदा हसवावं म्हणून मी काय काय केलं, तुम्ही बघितलंय. आणि एवढं मोठं हसू अंबाजोगाईला तुमच्या घरात पडून होतं.

लग्नाला येते. या वहिनीवरचा जीव कमी करू नका.

तुमची,
सत्यशीला